उथळ तलावाचे पाणी : नितळ की हिरवे?

सिंदफणेच्या काठी वसलेल्या शिरूर कासारच्या परिसरात साठवलेले पाणी बहुधा उथळ असते. ओढ्या-नाल्यांना बांध घालून केलेले पाझर तलाव आणि गावतळी पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरली, तरी त्यांचा बराचसा विस्तार पुरुष-दोन पुरुष खोलीचाच राहतो. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेतून महाराष्ट्रात जी असंख्य तळी बांधली गेली, त्यांपैकी बहुतेकांची हीच स्थिती आहे. या पाण्याकडे गावकरी दोन दृष्टींनी पाहतात : विहिरींना पाझर किती मिळाला आणि जनावरांना पाणी किती दिवस पुरेल. पाणी नितळ आहे की हिरवे, या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः मासळीचे उत्पन्न आणि जनावरांचे आरोग्य या दोहोंचा निकाल पुष्कळदा याच गोष्टीवर लागतो.

उथळ तलाव हा खोल तलावाची लहान आवृत्ती नव्हे. खोल जलाशयात वरचे उबदार पाणी व तळाचे थंड पाणी उन्हाळ्यात वेगवेगळे राहतात. उथळ तळ्यात वारा सुटला की पाणी तळापर्यंत ढवळले जाते. गाळात मुरलेली खतांची द्रव्ये पुन्हा पाण्यात येतात, आणि पाणी स्वच्छ असल्यास सूर्यप्रकाश थेट तळाला पोहोचतो. या साध्या वस्तुस्थितीतून काय निष्पन्न होते, याचा सखोल अभ्यास नेदरलँड्समधील गोड्या पाण्याचे परिसरशास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी केला. १९९३ मध्ये चार सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात व पुढे १९९८ च्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, उथळ तलावास दोन स्थिर अवस्था असू शकतात. एका अवस्थेत पाणी नितळ असते व तळावर पाणवनस्पती वाढलेल्या असतात. दुसरीत पाणी गढूळ किंवा हिरवे असते व वनस्पती नाहीशा झालेल्या असतात. खतद्रव्यांचे प्रमाण मध्यम असता एकच तलाव यांपैकी कोणत्याही अवस्थेत टिकून राहू शकतो.

प्रत्येक अवस्था स्वतःला सावरून धरते, हे यातील मर्म होय. पाणवनस्पतींची मुळे गाळ धरून ठेवतात, त्यांच्या दाटीमुळे लाटांचा जोर मोडतो, आणि पाण्यातील खतद्रव्यांचा काही वाटा त्या स्वतःच शोषून घेतात. पाणपिसवा नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे जीव दिवसा त्यांच्या आडोशाला राहतात व एरवी सूक्ष्म शैवल खाऊन पाणी गाळतात. त्यामुळे पाणी नितळ राहते, व ते नितळ राहते म्हणून वनस्पतींना प्रकाश मिळतो. याउलट शैवलाने पाणी एकदा हिरवे झाले की प्रकाश तळापर्यंत जात नाही आणि वनस्पती मरतात. मग गाळ मोकळा होतो, तळ उकरणारे मासे तो आणखी ढवळतात आणि पाणी अधिकच गढूळ होते.

म्हणूनच तलाव बिघडतो तो कैक वर्षे हळूहळू नव्हे. शेतातून वाहून येणारी माती व तिला चिकटलेला स्फुरद वर्षानुवर्षे साचत राहतो, तरी वरवर काही दिसत नाही. आणि एखाद्या हंगामात पाणी एकाएकी पालटते. उलट दिशेचा प्रवास मात्र त्याच वाटेने होत नाही. नेदरलँड्समधील वेलुवेमेर हा सरासरी दीड मीटर खोलीचा तलाव १९५७ मध्ये निर्माण झाला. सांडपाण्यामुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे पाणी बिघडले व तळावरील वनस्पती गेल्या. १९७९ पासून सांडपाण्यातील स्फुरद कमी करण्यात आला, तथापि तलाव लगेच सुधारला नाही. चिखल उकरून खाणाऱ्या ब्रीम माशांची संख्या घटल्यानंतर १९९० च्या दशकात तेथे पुन्हा वनस्पतींची गालिच्यासारखी वाढ झाली. ज्या पातळीला तलाव बिघडला, तीहून स्फुरद बराच खाली यावा लागला.

हा उपाय जसाच्या तसा येथे लागू करता येत नाही. उष्ण प्रदेशातील तलावांत लहान मासे वर्षभर विपुल असतात व ते वनस्पतींच्या दाटीतच राहतात; त्यामुळे पाणपिसवांना तेथे थंड प्रदेशाइतका आसरा मिळत नाही, असे पुढील संशोधनात आढळले आहे. शिरूर कासारसारख्या भागात आणखी एक भेद आहे. येथील कित्येक तळी उन्हाळ्यात आटतात. तळे आटले की मासे संपतात, गाळ तापतो व भेगाळतो. पण अनेक पाणवनस्पतींचे बी व कंद त्या गाळात जिवंत राहतात. पुढील पावसाळ्यात पाणी येते तेव्हा तळ्याला नव्याने आरंभ करण्याची संधी मिळते. दुष्काळाची अशी बाजू कोणास रुचणार नाही, परंतु ती आहे.

या संधीचा उपयोग कसा करावा, याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने दोन-अडीच शतकांपूर्वी व त्याआधीही बांधलेले तलाव आहेत. मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे आले, आणि आज 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. या तलावांतील स्थानिक मासे कमी होत चालल्याचे ढीवर मच्छीमारांच्या ध्यानी आले होते. मनीष राजनकर यांनी या मच्छीमारांच्याच माहितीच्या आधारे तलावांतील मासे, वनस्पती व पक्षी यांचा अभ्यास केला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांतील बेशरम उपटून काढण्यात आली, उन्हाळ्यात तळ नांगरण्यात आला आणि पावसाच्या पाण्यात निवडक देशी पाणवनस्पती लावण्यात आल्या. हायड्रिला व व्हॅलिसनेरिया यांसारख्या बुडालेल्या वनस्पती त्यांत होत्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीवर अंडी घालतो, हे ढीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. लागवडीची निवड त्या ज्ञानावर झाली. अशा तलावांत स्थानिक मासे पुन्हा वाढले.

या उदाहरणातून शिरूर कासारच्या शेतकऱ्यांना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना काही गोष्टी घेता येतील. पहिली मत्स्यबीजाविषयी. तळ्यात पाणगवत माजले म्हणून गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, सोडण्याचा मोह होतो. तो वनस्पती अवश्य खातो, पण त्यांचा पार फडशा पाडला की पाणी हिरवे होण्याची वाट मोकळी होते. सायप्रिनस तळ उकरतो. मासळीसाठी या जाती सोडावयाच्याच असल्या, तर ज्या तळ्याचे पाणी नितळ आहे तेथे सोडू नयेत. पोहरा किंवा पायऱ्या अडवणारे गवत तेवढ्यापुरते हाताने काढावे. सगळे तळे साफ करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट गाळाची. शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. गाळ काढल्याने साठा वाढतो आणि साचलेला स्फुरदही तळ्याबाहेर शेतात जातो, हा दुहेरी लाभ आहे. मात्र त्याच थरात वनस्पतींचे बी व कंद असतात. सर्व तळ एकाच हंगामात खरवडून काढण्यापेक्षा काठालगतची एखादी पट्टी तशीच ठेवावी. तेथून वनस्पती पुन्हा पसरतात. काठ उभा न कापता उतरता ठेवणे यासाठीच हितकारक आहे. आणि नवा गाळ येऊ नये म्हणून वरच्या शेतांचे बांध नीट असणे, डीएपीसारखे खत पसरून न टाकता मातीआड करणे, हे शेतकऱ्याच्या स्वतःच्या फायद्याचेच आहे.

जनावरांविषयी विशेष दक्षता हवी. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा साका वाऱ्याने एका काठाला जमला, तर तो निळ्या-हिरव्या शैवलाचा असू शकतो. त्याच्या काही जाती विषारी असून पाणी उकळल्यानेही ते विष जात नाही. अशा काठावर गुरे-शेळ्या नेऊ नयेत. पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर रात्री शैवलानेच पाण्यातील प्राणवायू संपविला, असे बहुधा समजावे.

पाण्याची पारख करण्यास यंत्र लागत नाही. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कोठवर दिसते हे मोजण्याची रीत घालून दिली. आजही ती जगभर वापरात आहे. वीतभर व्यासाची पांढरी ताटली, तिला खालून बांधलेला दगड आणि हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी एवढे पुरे. दुपारी, तळ्याच्या सावली नसलेल्या बाजूस, ताटली दिसेनाशी होते ती खोली मोजावी. तळ त्या खोलीच्या दुपटीच्या आत असेल, तर तेथे वनस्पती रुजण्याइतका प्रकाश साधारणतः पोहोचतो. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत दर पंधरवड्यास एक नोंद, तारीख व शेजारच्या विहिरीच्या पाण्याची पातळी यांसह, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत केली, तर दोन-तीन वर्षांत त्या तळ्याचा कल कागदावर दिसू लागेल.