मिलिटरीचा जुना कोट : घेताना आणि घालताना



दिवाळी झाली, थंडी पडू लागली आणि रब्बीला पाणी द्यायचे दिवस आले. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मग गहू असो, हरभरा असो नाहीतर कांदा, रात्री दारं धरायला जावंच लागतं. निफाडकडे तर पारा अनेकदा पाच अंशांच्याही खाली उतरतो. बऱ्याच घरांत जाड कोट एकच असतो आणि तो पुरुषमाणसाचा. बाई जाते ती साडीवर स्वेटर चढवून आणि कानाला टॉवेल गुंडाळून. म्हणूनच काही गटांच्या बैठकीत आम्हाला विचारलं गेलं, “बाजारात मिलिटरीचे जुने कोट येतात, ते घ्यावेत का?” घ्यावेत, पण पारखून. कसं पारखायचं ते आज सांगतो.

आधी या कोटात ऊब कुठून येते ते पाहू. फौजेचा जुना ओव्हरकोट जाड लोकरीचा असतो. लोकर विणून झाल्यावर ते कापड गरम पाण्यात घोटतात. त्यामुळे वीण मिटते आणि वारा आत शिरत नाही. आपली घोंगडी आठवा, तसाच हा प्रकार. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते तरी अंगाला ओली लागत नाही. छातीवर कापडाची दुहेरी घडी, कान झाकणारी उंच कॉलर आणि मोठे खिसे हे सगळं रात्रभर उघड्यावर पहारा करणाऱ्या शिपायासाठी केलेलं आहे. रात्रभर बांधावर उभ्या राहणाऱ्या बाईलाही तेच लागतं.

बाजारात मात्र ‘मिलिटरी’ या एका नावाखाली तीन तऱ्हेचा माल असतो. पहिला खरोखर फौजेतून निघालेला जुना कोट. तो कमी मिळतो. दुसरा परदेशातून आलेला जुना माल. अमेरिकी फौजेने १९६५ साली चार खिशांचं एक हिरवं जाकीट काढलं. त्याच्या कॉलरमध्ये टोपी दुमडून ठेवलेली असते आणि आत बटणांनी लावायचं अस्तर असतं. आज रस्त्यावर दिसणारी कितीतरी जाकिटं त्याचीच नक्कल आहेत. आणि तिसरा, सगळ्यात जास्त मिळणारा माल म्हणजे पानाफुलांच्या ठिपक्यांचं कापड छापून शिवलेला. त्याचा फौजेशी काही संबंध नसतो. ऊबही बेताचीच. विकणारा ‘ओरिजनल’ म्हणाला म्हणून दोन पैसे जास्त देऊ नका. आपल्याला नाव नको, ऊब हवी.

लोकर खरी की खोटी, हे ओळखायची सोपी खूण आहे. विकणाऱ्याला विचारून आतल्या शिवणीतला एक धागा काढा, ढिगापासून लांब जा आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत काढल्यावर विझला आणि राख बोटात चुरली, तर लोकर. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर प्लास्टिकचा धागा. हा फरक नुसता पैशांचा नाही. आपण रात्री शेकोटीशी बसतो, पहाटे चुलीशी. ठिणगी पडली तर लोकर सहसा जागच्या जागी करपते. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

मग कोट उन्हासमोर धरा. बारीक भोकं दिसली तर कसर लागलेली आहे. काखेत, कॉलरखाली आणि खिशांच्या तळाशी हात घालून पाहा. कापड हाताने ताणून पाहा, फाटल्याचा आवाज आला तर ठेवून द्या. बटण तुटलेलं, अस्तर उसवलेलं चालतं, ते घरी होतं. कुजलेलं कापड कशानेच दुरुस्त होत नाही.

आता कायद्याचं. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांच्या अंगावर फौजी कपडे होते. त्यानंतर फौजेने लोकांना आवाहन केलं की, फौजी नमुन्याचे कपडे घालू नका आणि दुकानदारांनी विकू नका. लोकांना आपण फौजी आहोत असं वाटावं या हेतूने फौजेचा पोशाख किंवा खूण घालणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२२ च्या सेना दिनाला फौजेने नवा ठिपक्यांचा गणवेश आणला. त्या नमुन्याची तर नोंदणीच झालेली आहे, त्याची नक्कल विकणं बेकायदा. शेतात ऊब मिळावी म्हणून जुना कोट घालणाऱ्या बाईचा हेतू तसा नसतो, हे खरं. पण रात्री वाटेत कोणी अडवलं तर वाद आपल्यालाच नको. म्हणून ठिपक्यांचं कापड घेऊच नका. साधा खाकी, करडा किंवा गडद हिरवा कोट घ्या. खांद्यावरची फीत, बिल्ले आणि सिंहाची राजमुद्रा असलेली बटणं काढून टाका आणि साधी काळी बटणं लावा. घरात फौजीने पेन्शनीवर येताना आणलेला कोट असेल तर त्याचे बिल्ले काढून डबीत जपून ठेवा. तो त्यांचा मान आहे.

हे कोट पुरुषांच्या मापाचे असतात. घेताना स्वेटरवरून घालून पाहा, हात वर करा, खाली वाका, टोपलं उचलल्यासारखं करा. खांदा मोठा असेल तर सोडा, खांदा बदलणं शिंप्यालाही जड जातं. लांबी आणि बाही मात्र सहज कमी होते. गुडघ्याच्या वर कापून घ्या, म्हणजे चिखलात आणि साडीत घोळणार नाही. पूर्ण लांबीचा कोट तीन किलोच्या आसपास भरतो, भिजला की आणखी जड होतो. तो घालून विहिरीत किंवा कालव्यात उतरू नका. मळणी यंत्र, कडबाकुट्टी आणि मोटरीचा पट्टा यांच्याजवळ जाताना कोट काढून ठेवा. मागचा पट्टा लोंबत असेल तर तो शिवूनच टाका.

घरी आणल्यावर कोट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे वेगळा ठेवा, म्हणजे उवा असतील तर मरतील. मग गार पाण्यात रिठ्याने धुवा. गरम पाणी घातलं तर कोट आटतो आणि पोराच्या मापाचा होतो. पिळू नका, बाजेवर पसरून सावलीत वाळवा. थंडी संपल्यावर दोन दिवस कडक उन्हं द्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेवा. डांबराच्या गोळ्या घातल्या तर ते गाठोडं तान्ह्या बाळाच्या कपड्यांपासून लांब असू द्या.

शेवटी पैशांचं. एकटीने एक कोट घेतला की तो घरात खुंटीवर लागतो आणि ज्याला आधी हात लागेल त्याचा होतो. म्हणून आमचं सुचवणं असं की, गटाने घ्यावेत. बैठकीत ठराव लिहा. तिघींना खरेदीला पाठवा, त्यातली एक तरी शिवणकाम जाणणारी असू द्या. दहाबारा कोट एकदम घेतले तर भावही उतरतो. ज्यांना आपला स्वतःचा हवा त्यांना अंतर्गत कर्ज द्या. दोन-तीन कोट गटाच्या नावावर ठेवा, वहीत नोंद करा आणि जिची रात्रीची पाळी असेल तिला द्या. कोटाच्या आत कॉलरखाली दोऱ्याने नाव घाला. गटाचा असेल तर गटाचं, बाईचा असेल तर बाईचं.

रात्री पाणी ती देते, पीकही तिच्या राबण्यावर उभं राहतं. मग घरातली ऊब वाटताना तिचा नंबर शेवटी का? येत्या बैठकीत एवढं विचारा : आपल्यापैकी कितीजणी रात्री रानात जातात आणि त्यातल्या कितीजणींकडे स्वतःचा कोट आहे? दोन्ही आकडे वहीत लिहा. खरेदी किती करायची ते तिथेच ठरेल.