एक पत्ता, अनेक संगणक

परीक्षेचा निकाल जाहीर होताच सहस्रावधी विद्यार्थी एकाच वेळी एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. या सर्वांना उत्तर देण्याचे काम एकट्या संगणकाला झेपणारे नसते. यास्तव अनेक सर्व्हर कामास लावावे लागतात. परंतु विद्यार्थ्याला ठाऊक असलेला पत्ता एकच! मग त्या पत्त्यावर येणारी मागणी अनेकांत वाटावयाची कशी?

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या टंचाईतून मिळाले. इंटरनेटवरील माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते व प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. प्रचलित चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच संभवतात. ते अपुरे पडणार हे ओळखून १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची योजना मांडण्यात आली. अंतर्गत पत्ते आतच ठेवावे व वेशीवर त्यांच्या जागी सार्वजनिक पत्ता घालावा, हे तिचे सार होय. याच युक्तीने भारही वाटता येतो, याचे विवेचन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

समजा, बाहेरचा पत्ता २०३.०.११३.१० आहे आणि आत १०.०.०.२, १०.०.०.३ व १०.०.०.४ हे तीन सर्व्हर आहेत. वेशीवरील भार-विभाजक आलेल्या पॅकेटावरील पत्ता बदलून तेथे निवडलेल्या सर्व्हरचा पत्ता घालतो. उत्तर परतताना त्यावर पुन्हा बाहेरचा पत्ता चढविला जातो. निवड पाळीपाळीने होते, अथवा ज्याच्याकडे चालू जोडण्या सर्वांत कमी, त्याच्याकडे मागणी जाते.

मात्र ही निवड जोडणीच्या आरंभी एकदाच करावयाची असते. विभाजक ग्राहकाचा पत्ता, पोर्ट क्रमांक व नेमलेला सर्व्हर यांची नोंद ठेवतो आणि पुढील सर्व पॅकेटे त्याच सर्व्हरकडे धाडतो. मधलेच एखादे पॅकेट भलत्या सर्व्हरकडे गेले, तर त्याला मागील संभाषणाचा पत्ताच नसल्याने तो ते नाकारतो.

या पद्धतीत एक उणीवही आहे. मागणीहून बहुधा कितीतरी मोठी असणारी उत्तरेही याच वेशीतून जातात. त्यामुळे अखेर वेसच तुंबू शकते. ती बंद पडल्यास आतील सर्व सर्व्हर धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतात. म्हणूनच दुसरा विभाजक सज्ज ठेवतात व नोंदवहीची प्रत त्याच्याकडे सतत पोहोचती करतात. भार वाटणाऱ्याचाही भार वाहण्यास कोणी तरी हवाच!