खाज कोपरावर, मूळ आतड्यात : गहू बंद करण्याआधी तपासणी का करायची?

पुणे : कोपर, गुडघे आणि कुल्ल्यांवर बारीक फोड येतात. खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. खरजेचं मलम लावून झालं, नायट्याच्या गोळ्या खाऊन झाल्या, तरी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, "गहू सोडून बघ." चपाती बंद केली की पोट हलकं वाटायला लागतं. आणखी काही महिन्यांनी पुण्याला जाऊन रक्त तपासलं, तर रिपोर्ट येतो 'नॉर्मल'.

रिपोर्ट खोटा नसतो. तपासणीची वेळ चुकलेली असते.

तालुक्यातून पुण्याला येणारा माणूस एका फेरीत चार कामं उरकतो. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचं दर्शन, अप्पा बळवंत चौकातून पोरांची पुस्तकं, तपकीर गल्लीतून वायरिंगचं सामान आणि जमलं तर दवाखाना. पण सिलिॲक या आजाराची तपासणी अशी जाता-जाता होत नाही. तिला क्रम आहे. क्रम चुकला तर पैसे जातात आणि निदानही हुकतं.

सिलिॲक म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. काही लोकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत अन्नरस शोषून घेणारे मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

ही गव्हाची ॲलर्जी नाही. ॲलर्जीत खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठतात, दम लागतो. सिलिॲकचं नुकसान हळूहळू, काही वेळा कसलाही त्रास न जाणवता होत राहतं.

गव्हाशी असलेला हा संबंध नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कॅरेल डिके यांनी पुढे आणला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला. त्या काळात सिलिॲकची मुलं उलट सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध सादर केला.

अंगावरच्या फोडांचा काय संबंध?

सिलिॲकच्या काही रुग्णांना त्वचेवर पुरळ येतं. त्याचं नाव डर्मेटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात 'हर्पेटिफॉर्मिस' असलं तरी नागिणीशी त्याचा संबंध नाही. फोड घोळक्याने येतात म्हणून ते नाव पडलं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ लुई डुरिंग यांनी १८८४ मध्ये या पुरळाचं वर्णन केलं. पण त्याचं मूळ आतड्यात आहे हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

ओळखायच्या खुणा :

- पुरळ दोन्ही बाजूंना सारखं येतं. दोन्ही कोपर, दोन्ही गुडघे, कुल्ले, पाठ, मान, डोक्याची कातडी.
- खाज आणि आग फार. फोड खाजवून फुटतात, त्यामुळे डॉक्टरांपुढे जाईपर्यंत नुसते ओरखडे आणि खपल्या उरतात.
- बऱ्याच जणांना पोटाचा काहीच त्रास नसतो, म्हणून गव्हावर संशय जात नाही.

खरूज, इसब, नायटा यांच्याशी याची सहज गल्लत होते. त्यात मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली मलमं परस्पर आणून लावली की पुरळाचं रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. खरजेत घरातल्या इतरांनाही खाज सुटते. हे पुरळ मात्र संसर्गाने पसरत नाही.

सगळ्यात मोठी चूक

रक्ताची आणि आतड्याची तपासणी शरीरात ग्लूटेन जात असतानाच खरं सांगते. चपाती बंद केली की रक्तातली प्रतिपिंडं कमी होत जातात, आतडं भरून यायला लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका.

आधीच सोडला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते काही आठवडे पुन्हा गहू खायला सांगतात. दिवसाला निदान ३ ग्रॅम ग्लूटेन दोन आठवडे, आणि सोसलं तर आठ आठवड्यांपर्यंत, अशी एक पद्धत आहे. मध्यम आकाराच्या एका चपातीत साधारण तेवढं ग्लूटेन असतं. त्रास जास्त होत असेल तर हे स्वतःच्या मनाने करू नये.

तपासणीचा क्रम

१. रक्त : पहिली तपासणी 'टीटीजी आयजीए' नावाची. तिच्याबरोबर 'टोटल आयजीए' करायला सांगावं. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी असतं. त्यांचा टीटीजी रिपोर्ट आजार असूनही निगेटिव्ह येतो. अशांसाठी आयजीजी प्रकारच्या वेगळ्या तपासण्या असतात.

२. दुर्बीण : तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून बारीक तुकडे काढतात. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून एक तुकडा पुरत नाही. किमान चार आणि आतड्याच्या अगदी सुरुवातीचे एक-दोन वेगळे घ्यावेत असा सल्ला आहे. युरोपात लहान मुलांचं टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करतात. आपल्याकडे जंत, क्षय, ट्रॉपिकल स्प्रू अशा आजारांतही आतडं खराब होतं. म्हणून रक्त आणि तुकडा दोन्ही एकत्र ठेवून बघणं सुरक्षित.

३. त्वचा : पुरळ असेल तर ही तपासणी सगळ्यात मोलाची, आणि इथेच गफलत होते. तुकडा फोडातून घेऊन चालत नाही, फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून घ्यावा लागतो. तो नेहमीच्या फॉर्मलीनच्या बाटलीत टाकला की वाया गेला. त्यासाठी वेगळं द्रावण लागतं. या तपासणीचं नाव 'डायरेक्ट इम्युनोफ्लुरेसन्स', थोडक्यात डीआयएफ. त्यात कातडीखाली आयजीएचे कणाकणाने साठे दिसले तर पुरळाचं निदान पक्कं होतं. मग सिलिॲक सिद्ध करायला बहुधा दुर्बिणीची गरज उरत नाही. फोडातला दुसरा तुकडा साध्या तपासणीसाठी फॉर्मलीनमध्ये पाठवतात.

पुरळाच्या काही रुग्णांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येते. त्यामुळे रक्त नॉर्मल आलं म्हणून पुरळाचा विषय मिटत नाही.

एचएलए ही जनुकाची तपासणी गहू बंद असतानाही चालते. पण ती फक्त एवढंच सांगते की आजार होऊ शकतो का. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळपास नाहीच. असले म्हणून आजार आहे असं नाही. ही जनुकं असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. शेकडो पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' यादी देणाऱ्या महागड्या पॅकेजवरून सिलिॲकचं निदान होत नाही.

कोणी तपासून घ्यावं?

- लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नाही
- मूल वयाच्या मानाने बुटकं राहिलं, वजन धरत नाही
- सतत जुलाब, पोट फुगणं, वजन घटणं
- पाळी उशिरा येणं, वारंवार गर्भपात
- टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार
- आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कोणाला सिलिॲक. अशा जवळच्या नातेवाइकांत शंभरातल्या सात-आठ जणांना तो सापडतो.

भारतात हा आजार सगळीकडे सारखा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिलिॲकची प्रतिपिंडं उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. जिथे आजार कमी, तिथे डॉक्टरांच्या मनातही तो उशिरा येतो. म्हणून रुग्णाने स्वतः विचारायला हरकत नाही : "डॉक्टर, हे सिलिॲक असू शकेल का?"

डॅप्सोन : खाज थांबते, आजार नाही

कुष्ठरोगाच्या उपचारामुळे डॅप्सोन हे नाव खेड्यापाड्यांत ओळखीचं आहे. तीच गोळी या पुरळावर चालते, खाज काही दिवसांतच थांबते. पण आतड्याचं नुकसान चालूच राहतं. शिवाय या गोळीने रक्त कमी होऊ शकतं. सुरू करण्याआधी जी६पीडी ही तपासणी आणि नंतर वेळोवेळी रक्ततपासणी लागते. दुसऱ्याची गोळी आणून खाऊ नये. खरा उपाय आयुष्यभर ग्लूटेन बंद. पुरळ पूर्ण जायला बरेच महिने, काहींना दोन वर्षंही लागतात.

ताटात काय?

निदान पक्कं झालं तर मराठी घराला घाबरायचं कारण नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, साबुदाणा, मका, सगळ्या डाळी चालतात. फसगत होते ती इथे :

- खपली गहू हा गहूच आहे. पचायला हलका म्हणतात, पण सिलिॲकला चालत नाही.
- रवा, मैदा, शेवया, लापशी, बिस्किट, पाव, टोस्ट.
- सातूचं पीठ, मेतकूट, थालीपीठाची भाजणी यांत गहू असू शकतो. घरी करताना वगळा.
- डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो.
- गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली तर तिच्यात गहू येतो. घरघंटी किंवा वेगळं जातं बरं.

विकतच्या पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' असेल तर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं.

पुण्याला निघताना

ससून हे सरकारी रुग्णालय पुणे स्टेशनजवळ आहे. स्वारगेटला उतरल्यावर मेट्रोने जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊन तिथे गाडी बदलली की पुणे स्टेशन गाठता येतं. कुठल्याही रुग्णालयात जा, हे बरोबर ठेवा :

- जुने सगळे रिपोर्ट आणि मलमांच्या रिकाम्या ट्यूब
- ताजे फोड उठले तेव्हा मोबाइलवर काढलेले फोटो. दवाखान्यात पोचेपर्यंत फोड फुटलेले असतात.
- शेवटची चपाती कधी खाल्ली, रोज किती खाता, याची नोंद
- त्वचेचा तुकडा घेण्याआधी विचारायचा प्रश्न : "डीआयएफसाठी वेगळं द्रावण आहे ना?"

हे पथ्य जन्मभराचं आहे. सणाची पुरणपोळी, लग्नाच्या पंगतीतली पुरी कायमची सोडायची, तर ते अंदाजावर सोडू नये. आणि आजार खरंच असेल तर तो 'नॉर्मल' रिपोर्टामागे लपूनही राहू नये. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)