बालवाडीत पोर काय शिकते?

"गुरुजी, पोरगं सहा महिने बालवाडीत जातंय. पण पाटीवर ग काढ म्हटलं, तर नुसता गोळा काढतंय. तिथं शिकवतात तरी काय? गाणी आणि खेळ!"

पारावर बसलो की हे गाऱ्हाणे आमच्या कानी पडते. काही जण तर पोराला काढून घेतात आणि धाकट्या भावंडापाशी बसवतात. म्हणून बालवाडीत काय शिकवायचे ते कसे ठरते, हे आज पाहू.

आधी तुमचीच गोष्ट आठवा. तुम्ही परवापरवा पेन्सिल धरली. विळा, कुदळ धरून घट्ट झालेला तुमचा हात. तरी पहिल्या दिवशी बोटे थरथरली ना? रेघ वर जायची ती खाली आली ना? मग तीन वर्षांच्या पोराच्या कोवळ्या बोटांचे काय होत असेल?

बालवाडीची बाई हे आधी बघते. पोराला आज काय जमते? तिथून पुढची एक पायरी कोणती? सगळा बेत यावरून ठरतो. तीन वर्षांचे पोर वाळूत खेळते, मातीचे गोळे करते, लोट्यातले पाणी वाटीत ओतते. चौथ्या वर्षी ते चिंचोके वेगळे आणि खडे वेगळे करते. मोठे मणी दोऱ्यात ओवते. पाचव्या वर्षी खडूने उभ्या, आडव्या, गोल रेघा ओढते. तुम्हाला दिसतो तो खेळ. पण ग काढायला जी बोटे लागतात, ती त्यातच तयार होतात. ग मागाहून येतो.

कानाचेही तसेच आहे. कमळ, कणीस, कणगी. तिन्ही शब्दांच्या तोंडी एकच आवाज आहे, हे पोराच्या कानाला कळले पाहिजे. ते कळले नाही, तर पाटीवरचा क म्हणजे नुसती नक्षी. गाणी असतात ती यासाठी.

आणि मोजणे? पुष्कळ पोरे वीसपर्यंत घडाघडा म्हणतात. आईबापांना मोठे कौतुक! पण "पाच चिंचोके आण" म्हटले, की मूठभर आणतात. म्हणणे वेगळे, मोजणे वेगळे. म्हणून बाई खाऊच्या वेळी एका पोराला वाट्या मांडायला लावते. एका पोरापुढे एक वाटी. कमी पडली तर कोणीतरी रडते, आणि हिशेब लगेच कळतो.

वर्षाचा बेत महिन्यांवरून करतात. जूनमध्ये नवी पोरे रडत येतात, म्हणून तेव्हा फारसे काही शिकवायचे नाही. बाईचा लळा लागू द्यायचा. मग पाऊस, बेडूक, रुजलेले बी. पोळ्याला मातीचे बैल. सुगीत दाणे निवडणे. जे दाराबाहेर दिसते, तेच आत बोलायचे. रोजच्या वेळेचेही तसेच. धावण्याचा खेळ झाला की बसून ऐकायची गोष्ट. पोर एका जागी फार वेळ बसत नाही, हे धरूनच चालायचे.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, आता पालघर जिल्ह्यात आहे. आसपास वारली लोकांच्या वस्त्या. बालवाडी उघडली, पण वस्तीवरची पोरे येईनात. कोणी गुरे राखी, कोणी भावंड सांभाळी. तेव्हा या बायांनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीवर नेली आणि झोपडीच्या अंगणात मांडली. तीच अंगणवाडी. तिथे शिकण्याचा बेतही बदलला. आधी आंघोळ, वेणीफणी, नखे काढणे, मग गाणी. शहरातल्या बालमंदिरांतली साधने महाग. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने आली. नंतर हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने लहान मुलांसाठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले, आणि ते देशभर गेले.

आता आमची चूक सांगतो. आम्ही मास्तर असताना पहिलीत आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी पाटीवर बसवीत होतो. वर छडीही असे. एक धनगराचा मुलगा होता. कळपातली शेळी न शेळी ओळखायचा. पण अक्षर काही वळेना. आम्ही त्याला ढ म्हटले, तेही सगळ्यांदेखत. पंधरा दिवसांत त्याने शाळा सोडली. पुढे तो गवंडी झाला. त्याची भिंत ओळंब्याला कधी चुकत नाही. पण कागद पुढे आला, की अजून अंगठाच पुढे करतो. त्या हाताला बालवाडी मिळाली असती तर? हा विचार आम्हाला सुटत नाही.

तेव्हा संध्याकाळी पोराला "ग येतो का?" असे विचारू नका. "आज काय केलंस?" म्हणा, आणि ते सांगेल ते पुरते ऐका. गाणे म्हणाले तर म्हणू द्या. बाईने भिंतीवर वर्षाचा तक्ता लावला असेल, तर एकदा जाऊन बघा. कुठल्या महिन्यात काय, ते त्यावर असते. कोणाकडून वाचून घ्यायला नको. आता तुम्हालाच वाचता येते.