अपस्मार आणि स्नायूंची साक्ष

घरातील मंडळी झोपी गेली असता अपस्माराच्या रोग्यास रात्री झटका आला, तर तो कोणाच्या ध्यानी यावा कसा? रोगी बेशुद्ध असतो. त्यास हाक मारता येत नाही, आणि सकाळी त्याला स्वतःलाही काही आठवत नाही. हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हे. या रोगाच्या दर हजार प्रौढ रोग्यांमागे सुमारे एक जण दरवर्षी अकस्मात मरण पावतो, आणि असे मृत्यू बहुधा रात्री, जवळ कोणी नसताना घडतात.

अपस्माराचे, म्हणजेच फेफऱ्याचे, मूळ मेंदूत आहे. तेथील असंख्य पेशी एकाच वेळी बेबंदपणे विद्युत्स्पंद सोडू लागल्या की झटका येतो. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विजेची पहिली नोंद घेतली व पुढे ती पद्धती निदानाचे प्रमुख साधन झाली. परंतु डोक्यास तारा जोडून कोणी रोज निजू शकत नाही. शिवाय मोठ्या झटक्यात कपाळाचे व जबड्याचे स्नायू असे आवळले जातात, की त्यांच्या विजेने मेंदूची नोंद झाकोळून जाते. संशोधकांनी मग या नकोशा गोंगाटाकडेच लक्ष वळविले.

मज्जातंतूची आज्ञा पोहोचताच स्नायूच्या तंतूंतून सूक्ष्म विद्युत्स्पंद धावतात. दंडाच्या ज्या स्नायूची आपण बेटकुळी काढतो, त्यावरील त्वचेस धातूच्या लहान चकत्या चिकटवल्या, तर हे स्पंद टिपता येतात. त्यांचा दाब मोठा झाला तरी काही मिलिव्होल्टच असतो.

मोठ्या झटक्याची नोंद वाचण्याजोगी असते. प्रथम शरीर लाकडासारखे ताठ होते. ही अवस्था बहुधा दहा ते वीस सेकंद टिकते व तीत दाट, जलद स्पंदांची अखंड रांग उमटते. निरोगी माणसांना सर्व शक्तीनिशी या अवस्थेची नक्कल करावयास सांगितले, तेव्हा त्यांची नोंद वेगळी निघाली. नंतर त्या रांगेत क्षणभराच्या शांततेची खिंडारे पडू लागतात, आणि हातपाय झटके देऊ लागतात. एक उसळी, मग शांतता. पुन्हा उसळी, पुन्हा शांतता. प्रत्येक शांतता आधीच्या शांततेहून लांबत जाते व अखेर स्नायू सैल पडतात. मेंदूची स्वतःचीच आवरून धरणारी शक्ती हळूहळू वरचढ होत असल्याची ही खूण होय, असा अर्थ संशोधक लावतात. झटका कसा सुरू होतो याइतकेच तो कसा थांबतो हे कोडेही मोठे आहे, आणि त्यावर दंडाच्या स्नायूने प्रकाश टाकावा ही मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे.

मानसिक ताणातून येणाऱ्या, दिसावयास तशाच असलेल्या झटक्यांत हा क्रम आढळत नाही. हा भेद न कळल्यामुळे कित्येकांना अपस्माराची औषधे वर्षानुवर्षे विनाकारण घ्यावी लागतात.

डेन्मार्कमधील शांदोर बेनित्स्की व त्यांचे सहकारी यांनी दंडावर बांधावयाच्या अशा एका यंत्राची परीक्षा ७१ रोग्यांवर करून तिचा वृत्तान्त २०१८ साली प्रसिद्ध केला. ३२ मोठ्या झटक्यांपैकी ३० यंत्राने ओळखले, तेही ताठरता सुरू झाल्यापासून सरासरी ९ सेकंदांत. तीन दिवसांत सुमारे दोन खोट्या सूचना मिळत. हा उपद्रव लहान नव्हे. आणि ज्या झटक्यात मूल क्षणभर केवळ शून्यात पाहत राहते, तो या यंत्रास मुळीच कळत नाही. तेथे स्नायू आवळलेलेच नसतात.

यंत्र जागे करते, झटका थांबवीत नाही. जाग आलेल्या माणसाने रोग्यास कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा अथवा वहाण हुंगविण्याने काहीही साधत नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, तर रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.