बुजवलेली भोकं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, ब्लॅकवॉटर नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की तिथल्या खाड्यांत पाणी दिसेनासं होतं. उरतो तो करडा, चकाकणारा चिखल. अशाच एका खाडीत डाव्या कुशीवर कललेला लाकडी सांगाडा पडून आहे. आसपासचे लोक त्याला नुसतं ‘डचमन’ म्हणतात. खरं नाव काय, आणला कोणी, सोडून कधी दिला, हे कोणालाही सांगता येत नाही.

कोल्चेस्टरला मैत्रिणीकडे राहायला गेले असताना बांधावरून चालताना तो मला दिसला. नजर अडकली ती नाळेवर. शेजारच्या चिखलात जुन्या थेम्स बार्जही मोडून पडल्या आहेत. त्यांच्या नाळा सरळ, उभ्या. हा मात्र पुढून रुंद, फुगीर आणि उंच, मागे निमुळता होत गेलेला आणि ठेंगणा. या पाण्यातली ही घडण नव्हे, एवढं माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसालाही कळत होतं. कोकणात कोणतंही होडकं कोणत्या बंदरात बांधलं ते जाणते कोळी लांबूनच सांगतात. मग हजार कोळ्यांच्या हातांनी घडलेल्या एका जातीच्या बोटीला इथे नुसतं ‘डचमन’ म्हणून सोडून द्यावं, हे मला फार लागलं.

त्याची ओळख पटवण्याचं काम दोन माणसं करत आहेत, हे मैत्रिणीच्या शेजाऱ्यांकडून कळलं. एक निवृत्त बोटसुतार. मॉल्डनच्या धक्क्यावर थेम्स बार्ज दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. मी त्यांना मनातल्या मनात सुतारबाबा म्हणू लागले. दुसरी व्यक्ती नेदरलँड्समधल्या स्पाकेनबुर्गची एक बाई. तिकडे जुन्या मासेमारी बोटी जपणाऱ्यांसोबत ती सुट्टीच्या दिवशी काम करते. त्यांच्या मागोमाग मीही चिखलात उतरले. भरती-ओहोटीच्या पाण्यात इथे चार-पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळे कामाला मिळतात ते मधले मोजके तास. हा किनारा संरक्षित आहे, म्हणून खणायचं नाही. लाटांनी जेवढं उघडं केलं असेल तेवढंच शेवाळ खरवडून पाहायचं.

सपाट तळ दिसला की डच, असं बरेच जण म्हणून टाकतात. सुतारबाबांना ते मुळीच मान्य नाही. थेम्स बार्जचाही तळ सपाट असतो, आणि उथळ पाण्यात वाऱ्याने बाजूला ढकललं जाऊ नये म्हणून दोन्ही कुशींना खाली सोडायचे लाकडी पंख तिलाही असतात. फरक आत पाहायचा. बार्जच्या पोटात नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक जाडजूड तुळई धावते. इथे तसलं काही नाही. नुसती सपाट फळ्यांची जमीन आणि तिच्यावर आडवे बसवलेले ओकचे वासे. म्हणजे डच, हे ठरलं. पण डच म्हणजे कोणती? तिकडे प्रत्येक पाण्याची बोट वेगळी. झीलँडकडची हूगार्स लांब, तिरक्या आणि सरळ नाळेची. स्खोकरची नाळही सरळच. त्याल्क ही मालवाहू, दोन्ही टोकांना भरदार आणि मधे नुसतं कोठार. गोलसर उंच नाळ आणि खाली उतरत जाणारा मागचा भाग, म्हणजे जाळं ओढून घ्यायला सोयीचा, असा बांधा बोटर या जातीचा. बाईने बांधावरूनच ‘बोटर’ म्हटलं होतं. सुतारबाबांनी मात्र, “पोट पाहिल्याशिवाय नाही,” एवढंच उत्तर दिलं.

पोट पाहायला ते गुडघ्यांवर बसले. उजव्या कुशीची खालची बाजू ओहोटीत उघडी पडते. लाकडी खरवडणीने त्यांनी एका फळीवरचं शेवाळ काढलं, पाणी मारलं आणि बोटं फिरवली. मग माझा हात धरून त्याच जागेवर ठेवला. आधी काहीच कळेना. मग गुळगुळीत लाकडात लहान लहान गोल कडा बोटांना लागल्या. बोटाच्या जाडीची भोकं, ओळींनी पाडलेली, आणि प्रत्येकात ठोकून बसवलेलं बूच. पुढे सरकत त्यांनी मोजायला सुरुवात केली. ते मोजत होते, बाई लिहीत होती. ३७ भरली.

बोटीच्या तळाला माणूस मुद्दाम भोकं पाडतो, हे ऐकायला विपरीत वाटतं. पण बोटरचं सगळं शहाणपण त्या भोकांतच आहे. डोलकाठीच्या मागे, बोटीच्या मध्यावर, दोन पक्क्या आडभिंती घालून एक हौद केलेला असतो. त्याला बुन म्हणतात. हौदाखालच्या फळ्यांना भोकं, त्यातून समुद्राचं पाणी सतत आत-बाहेर खेळतं. पकडलेली मासळी त्यात सोडायची आणि ती जिवंतच बाजारात न्यायची. बर्फ नव्हता तेव्हाची ही सोय. बाकीच्या बोटीत पाणी येत नाही, कारण हौदाच्या भिंती तितक्या घट्ट बसवलेल्या असतात. त्या भिंतींतच सुताराची खरी परीक्षा, असं सुतारबाबा म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात कोणा न पाहिलेल्या डच सुताराबद्दलचा आदर होता.

म्हणजे ही मासेमारी बोटर. आणि बुचं मारली आहेत, म्हणजे मासेमारी संपल्यानंतरही तिचं आयुष्य चालू राहिलं. बाई म्हणाली, “कोळी स्वतःच्या हाताने बुन बंद करत नाही. कोणीतरी ती विकत घेतली आणि हौदाच्या जागी झोपायची सोय केली.”

इथे बोटीची कहाणी तिच्या समुद्राच्या कहाणीला जोडली जाते. बोटर झाउडरझीची. नेदरलँड्सच्या पोटात घुसलेला तो उथळ, खारा समुद्र. त्याच्या काठावर उर्क, मार्केन, फोलेनडाम, स्पाकेनबुर्ग अशी गावं, आणि त्यांच्या बोटींवर यूके, एमके, व्हीडी, बीयू अशी गावाची अक्षरं आणि क्रमांक. हेरिंग आणि अँकोव्ही हे तिथलं धन. तपकिरी शिडं ही त्यांची दुसरी खूण. शिडं आणि जाळी कुजू नयेत म्हणून काथात उकळून काढत, आणि तो काथ भारत-ब्रह्मदेशाकडून जाई. आपल्या विड्यातला काथ तिकडच्या शिडांना रंग देत होता, हे चिखलात उभं राहून ऐकताना मला क्षणभर त्या सांगाड्याशी आपलं काही नातं असल्यासारखं वाटलं.

१९१६ च्या जानेवारीत मोठा पूर आला. त्यानंतर १९१८ मध्ये हा समुद्र बांध घालून बंद करण्याच्या, अभियंते कॉर्नेलिस लेली यांच्या योजनेला कायद्याचं रूप मिळालं, आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या अफ्स्लाउटडाइक बांधाची शेवटची खिंड बुजली. खाऱ्या समुद्राचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. हेरिंग गेली, अँकोव्ही गेली. ईल मासा टिकला म्हणून काही कोळी टिकले. पुराचं भय गेलं, शेतजमीन मिळाली, हे सारं खरं. पण त्या बांधाबद्दल वाचताना अभियंत्यांचं कौतुक पानोपानी सापडतं आणि कोळ्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. ज्यांना समुद्र परत मिळणार नव्हता त्यांनी बोटी विकल्या. काही इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी घेतल्या, कारण एसेक्सच्या चिखलाच्या खाड्यांत सपाट तळाची बोट सुरक्षित टेकते. आपल्या समोरची ३७ बुचं ही अशाच एका सौद्याची खूण असावी, असं दोघांचंही मत आहे.

आतल्या बाजूने मी वाकून पाहिलं. एक आडवी फळी निखळून पडली होती. तिच्याखाली वर्षानुवर्षं हवा न लागलेली पोकळी. तिथून एकदम डांबराचा वास आला. ओला, गोडसर, पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराचा. चिखलाच्या कुजक्या दर्पातून तो इतका स्वच्छ वर आला की मी मागे सरले आणि पुन्हा वाकले. त्या दुपारी मी परत परत त्याच भेगेशी जात राहिले. मालकांची नावं गेली, कागद गेले, पण बोट निरोगी राहावी म्हणून कोणी हाताने फासलेलं डांबर अजून आपलं काम करत आहे.

त्याच भेगेतून सुतारबाबांनी विजेरी धरून फळीची आतली बाजू दाखवली. ती जळून काळी पडली होती. आग लागल्याची ती खूण नाही. डच सुतार जाड ओकची फळी एका बाजूने विस्तवावर धरत, दुसऱ्या बाजूने पाणी मारत, आणि तापून मऊ झाली की वाकवत. फळीची जळकी बाजू पोटात जाई. इतकी वर्षं झाली तरी तो कोळसा तिथे आहे.

नावाचा शोध मात्र एका जागी येऊन अडकला. ब्रिटिश नोंदणी झालेल्या बोटीच्या मुख्य आडव्या तुळईवर तिचा क्रमांक कोरावा लागे. तो क्रमांक हाती आला की जुन्या याद्यांत बोट सापडते. इथे ती तुळई नाही. दोन्ही टोकांना करवतीचा सरळ काप. कोणीतरी आठवण म्हणून घरी नेली असणार. मला त्या माणसाचा राग आला. त्याच्या भिंतीवर शोभेला एक लाकूड लागलं आणि इथे एका बोटीची ओळख पुसली गेली. आता उरलेला रस्ता लांबचा आहे. लॉइड्सच्या नौकांच्या वार्षिक याद्या चाळायच्या, डच बांधणीच्या नोंदी काढायच्या आणि लांबी-रुंदी ताडून पाहायची. मोजमापं पक्की नाहीत, कारण सांगाडा पसरला आहे. झाडाच्या वर्षवलयांवरून ओक कधी तोडला ते कळू शकतं, पण त्यासाठी लाकडाचा काप काढावा लागेल, आणि वलयांत नाव लिहिलेलं नसतं.

गावातल्या काहींना हा सांगाडा उचलून धक्क्यावर उभा करायचा आहे. मला ते पटत नाही. चिखलात हवा नाही म्हणून लाकूड टिकलं आहे. बाहेर काढून नुसतं सुकू दिलं तर ते फाटेल. झाउडरझीचा तळ जिथे जमीन झाला त्या फ्लेवोलँडमध्ये ४५० हून जास्त बोटींचे अवशेष सापडले, आणि त्यातले कित्येक मातीखाली, ओलसर ठेवूनच जपले आहेत. बाईही त्याच बाजूची आहे. सुतारबाबांचं मन मात्र दोन्हीकडे ओढतं. हातांना दुरुस्तीची सवय.

निघताना बाईने एक वेगळीच वाट सुचवली. १९२५ मध्ये झाउडरझीच्या कोळ्यांना मदत देण्याचा कायदा झाला होता. त्या मदतीची कागदपत्रं तिकडच्या दप्तरांत आहेत. बोटीचं नाव बोटींच्या यादीत शोधण्याऐवजी बोट सोडणाऱ्या माणसांच्या अर्जांत शोधावं, असं तिचं म्हणणं. हे मला मनापासून पटलं. सुतारबाबांनी तिच्यासाठी कागदावर मापं उतरवली. अंदाजे लांबी, नाळेचा बाक, फळ्यांची जाडी. शेवटी ३७ लिहून पुढे ‘फक्त उजवी कुस’ असं जोडलं. डाव्या बाजूची भोकं अजून चिखलाखाली आहेत.