गाण्यासाठी बारावी कशाला?

मुलगी गोड गाते. स्नेहसंमेलनात बक्षिसे मिळवते. गाण्याच्या बाईही म्हणतात, "हिला यातच पुढे जाऊ द्या." मग दहावीचा निकाल लागताच घरात वाद सुरू होतो. आई म्हणते, "आधी शिक्षण पुरं कर." मुलगी म्हणते, "मला गायचंच आहे, तर इतिहास-अर्थशास्त्र घोकून काय उपयोग?"

दोघींचेही म्हणणे खोटे नाही. पण निर्णय घेण्याआधी महाविद्यालये काय मागतात, हे माहीत हवे.

बारावी हवीच

संगीतात पदवी घ्यायची तर बारावी उत्तीर्ण असणे ही पहिली अट. शाखा सहसा आड येत नाही. विज्ञान किंवा वाणिज्य घेतलेली मुलेही गायन, सतार, तबला यांकडे वळू शकतात. किमान गुणांची अट मात्र प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, म्हणून माहितीपुस्तिका आधीच वाचावी. दिल्ली, बनारस यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली आहे. शिवाय गाऊन किंवा वाजवून दाखवावे लागते.

विशारद म्हणजे पदवी नव्हे

अनेक घरांत इथेच घोटाळा होतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. आठव्या-नवव्या वर्षी सुरुवात केलेले मूल वर्षाला एक परीक्षा देत पंधरा-सोळाव्या वर्षी विशारद होऊ शकते. हे यश मोठेच. पण त्याने बारावीची जागा भरत नाही. "विशारद झाली, आता कॉलेज कशाला?" म्हणून शाळा सोडलेल्या मुलीला पुढे पदवीचे दार बंद दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. प्रवेशाच्या वेळी मात्र या परीक्षांची तयारी नक्की कामी येते.

परीक्षक काय पाहतात?

सूर आणि ताल. एखादा राग आलाप-तानांसह गायला सांगतात, हाताने तीनताल किंवा एकताल धरायला लावतात, वाजवलेला स्वर ओळखायला सांगतात. चित्रपटातली गाणी सुरेख म्हणणारी मुलेही इथे गडबडतात. म्हणून दोन-तीन राग पक्के हवेत.

जायचे कुठे?

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली; आज तिथल्या विद्यापीठात संगीताचे शिक्षण मिळते. लखनौला भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये सुरू झालेली संस्था आता विद्यापीठ आहे. छत्तीसगडमधील खैरागडला १९५६ पासून संगीत-कलांचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे.

पुढचाही विचार

मैफली सगळ्यांनाच मिळत नाहीत. महाविद्यालयात शिकवायचे ठरले, तर सर्वसाधारण गटाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात आणि सहसा नेट किंवा सेटही. ही शिडी बारावीपासूनच सुरू होते.

तेव्हा आईने रियाजाचा पहाटेचा तास अभ्यासासाठी कापू नये आणि मुलीने रियाजासाठी पुस्तके गुंडाळून ठेवू नयेत. बारावीच्या वर्षी परीक्षा जवळ आली की तास कमी करावा, पण तानपुरा रोज लागला पाहिजे. दोन वर्षे एवढे सांभाळले, तर मायलेकींचा वाद आपोआप मिटेल.